आजीची सुट्टी कोणत्या वारी असते?

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत दोनच आवाज पुन्हा पुन्हा ऐकू आले. एक नोकरी करणाऱ्या आईचा, दुसरा दिवसभर मूल सांभाळणाऱ्या आजीचा. दोघी एकमेकींबद्दल मायेनं लिहितात आणि दोघी दमलेल्या आहेत. भांडण स्वभावावरून होतं असं बहुतेकींना वाटतं. पत्रं नीट वाचली की मूळ सापडतं ते कधीच न ठरवलेल्या गोष्टींत : किती वाजेपर्यंत, आठवड्याचे किती दिवस, आजारपणात कोण, आणि शेवटचा शब्द कुणाचा. म्हणून उत्तरं देताना आम्ही उपदेश कमी आणि हिशेब जास्त मांडला आहे.

प्रश्न : मी ६४ वर्षांची आहे. मुलीचा मुलगा १४ महिन्यांचा आहे. आठवड्याचे पाच दिवस सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात मी त्याला सांभाळते. नातवावर जीव आहे, पण संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत असं होत नव्हतं. मुलीला सांगितलं की ती म्हणते, ‘तुला जमत नसेल तर मी नोकरी सोडते.’ मग मी गप्प बसते.

उत्तर : दोन महिन्यांत तुमचं वय वाढलेलं नाही, काम वाढलं आहे. आधी त्याचं कारण समजून घ्या.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. वर्षाच्या आसपास बरीच मुलं दिवसातून दोनदा झोपतात. साधारण १४ ते १८ महिन्यांच्या दरम्यान दोन झोपांची एक होते. म्हणजे तुम्हाला पाठ टेकायला मिळणारा वेळ जवळपास निम्मा झाला. याच सुमाराला मूल चालू लागतं, चढू लागतं, हाताला येईल ते तोंडात घालतं. सहा महिन्यांचं बाळ एका जागी ठेवून तुम्ही बसू शकत होता, आता नजर काढता येत नाही. घरात हा बदल कुणाच्या लक्षात येत नाही, कारण घड्याळातले तास तेच राहतात.

आता तास मोजा. साडेआठ ते सात म्हणजे रोज साडेदहा तास, आठवड्याला साडेबावन्न. मुलीच्या नोकरीपेक्षा तुमचा दिवस मोठा आहे, कारण तिच्या येण्याजाण्याचा वेळही तुमच्याच खात्यात पडतो. एक आठवडा वहीत तीन रकाने करा : वेळ, काम, आणि त्या वेळात बसता आलं का. मुलाचं काम आणि घरातलं काम वेगवेगळ्या शाईनं लिहा. अशा वहीत बहुतेक वेळा एकच गोष्ट उघडी पडते. मूल झोपलं की आजी ओटा आवरते, कपडे घडी करते, संध्याकाळच्या स्वयंपाकाची तयारी करते. दिवसातली एकमेव विश्रांती घरकामात जाते.

वही भरली की मुलीशी बोला, पण ती दारातून आत येते त्या क्षणी नाही. सुट्टीच्या दिवशी, मूल झोपलेलं असताना, अर्धा तास ठरवून. ‘मी दमते’ या वाक्याला उत्तर देणं तिला कठीण जातं. तिला दुसरी सोय दिसत नाही, म्हणून ती घाबरून नोकरीचं टोक गाठते. त्यापेक्षा नेमकी मागणी ठेवा. ‘नोकरी सोडू नकोस. मला चार गोष्टी हव्यात,’ अशी सुरुवात करा.

पहिली, तो झोपला की मीही आडवी होणार, त्या वेळातलं घरकाम माझं नाही. दुसरी, आठवड्यात एक अर्धा दिवस माझा, आणि तो कोणत्या वारी हे आजच ठरवायचं. ‘जमेल तेव्हा’ मिळणारी सुट्टी कधीच मिळत नाही. तिसरी, सात म्हणजे सात. उशीर होणार असेल तर साडेपाचपर्यंत फोन, आणि महिन्यातून दोनपेक्षा जास्त वेळा उशीर झाला तर मधल्या तासासाठी दुसरी व्यवस्था. चौथी, मी आजारी पडले तर कोण, हे नाव आधी ठरलेलं हवं. त्या माणसाकडे किंवा पाळणाघरात मुलाला गरज नसताना दोन-तीनदा दोन तास ठेवून बघा. आजी तापानं फणफणलेली असताना मुलाची नव्या माणसाशी पहिली भेट व्हायला नको.

सुट्टी मागितली तर मुलाचं नुकसान होईल, हा विचार मनातून काढा. मेलबर्नमध्ये ५७ ते ६८ वयाच्या १८६ स्त्रियांची पाहणी झाली होती. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांची आकलनचाचणीतली कामगिरी चांगली होती, आणि पाच किंवा अधिक दिवस सांभाळणाऱ्यांची काही चाचण्यांत कमी पडली. एका पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही, पण रोज मूल सांभाळणाऱ्या आजीनं सुट्टी मागितली तर ती चैन नव्हे, एवढं नक्की म्हणता येतं.

प्रश्न : सासूबाई आमच्या ११ महिन्यांच्या मुलीला सांभाळतात. जेवताना तिला मोबाइल दाखवतात, खाण्यात साखर-मीठ घालतात, खोकला झाला की मध चाटवायचं म्हणतात. मी काही बोलले की ‘आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?’ रोज वाद होतो. कुठं थांबायचं कळत नाही.

उत्तर : सगळ्याच मुद्द्यांवर सारख्या जोरानं वाद घातला की महत्त्वाचा मुद्दाही कटकटीत जमा होतो. तुमच्या तक्रारींची यादी करा आणि तिचे तीन भाग पाडा.

पहिला भाग सुरक्षेचा. इथं तडजोड नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचं नाही, चाटण म्हणूनही नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. मध उकळून किंवा गरम करूनही ते जात नाहीत. बाळाला पाठीवरच झोपवायचं, अंथरुणात उशी आणि सैल पांघरूण नको. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कडक गोल तुकडे नकोत. पाण्याची बादली भरून उघडी ठेवायची नाही. औषध दोघींनी मिळून ठरवलेलंच.

दुसरा भाग आरोग्याच्या सवयींचा : साखर, मीठ, स्क्रीन, झोपेची वेळ. पहिल्या वर्षात वरून मीठ-साखर घालू नये, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेप्रमाणे दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून जास्त नको. इथं नियम ठरवायचा, पण एखाद्या दिवशी मोडला तर खटला भरायचा नाही.

तिसरा भाग आवडीनिवडीचा. कोणता झबला, केस कसे बांधले, कोणतं गाणं म्हटलं, आंघोळ दहाला की अकराला. हा भाग पूर्णपणे आजीचा. तिथं तुम्ही खरोखर गप्प राहिलात तर पहिल्या भागातलं तुमचं बोलणं ऐकलं जाण्याची शक्यता वाढते.

‘आम्ही मुलं वाढवली नाहीत का’ या वाक्यात दुखावलेपण आहे आणि त्याला आधारही आहे. त्यांना त्या काळी डॉक्टरांनीच वेगळं सांगितलं असेल. बाळाला पोटावर झोपवा असा सल्ला अनेक देशांत अधिकृतपणे दिला जात होता. १९९० च्या दशकात पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा झाल्या आणि झोपेतले अचानक मृत्यू बरेच घटले. ‘तुमचं चुकलं’ असं म्हणू नका, ‘तेव्हा हे माहीत नव्हतं, नंतर कळलं’ असं म्हणा. दोन्हींत फार फरक आहे. पुढच्या लसीकरणाला सासूबाईंना बरोबर न्या आणि मधाबद्दल, मिठाबद्दल प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. सुनेच्या तोंडून आलेला नियम सुनेचा असतो, डॉक्टरांच्या तोंडून आलेला बाळाचा होतो.

मोबाइलचं मात्र वेगळं आहे. आजी मोबाइल देते ती मुलीला बिघडवायला नाही, तिचे दोन्ही हात अडकलेले असतात म्हणून. आधी मोबाइल कोणत्या वेळी निघतो ते बघा. बहुतेक घरांत तो दिवसातून दोनच वेळा निघतो, भरवताना आणि आजीला स्वयंपाकघरात काम असताना. दुसऱ्या वेळेचं काम सकाळी तुम्ही किंवा तुमच्या नवऱ्यानं आधीच उरकून ठेवलं तर निम्मा प्रश्न बोलण्याविना सुटतो. भरवतानाचा मोबाइल बंद करताना पहिले चार-पाच दिवस मुलगी कमी खाईल. हे आजीला आधीच सांगा, नाहीतर ती तिसऱ्या दिवशी घाबरून परत सुरू करेल. मुलीला खाली बसवून, हातात धरता येतील असे मऊ तुकडे पुढे ठेवायचे, २० ते ३० मिनिटांनी ताट उचलायचं, मागे धावायचं नाही. ही सुरुवात तुम्ही घरी असाल अशा सुट्टीत करा. पहिल्या दिवसांची रडारड आजीच्या वाट्याला टाकू नका.

प्रश्न : संध्याकाळी मी घरी येते तेव्हा दीड वर्षाचा मुलगा आजीला घट्ट धरून बसतो, किंवा मला पाहताच रडायला लागतो. आई म्हणते, ‘दिवसभर एकदाही रडला नाही.’ ते ऐकून फार लागतं.

उत्तर : तो रडतो ते तुमच्यापाशी मोकळं होता येतं म्हणून. दिवसभर सावरून धरलेलं मूल हक्काचं माणूस दिसलं की सैल पडतं. आणि आजीला धरून बसणं म्हणजे तुम्हाला नाकारणं नव्हे. मूल एकाहून अधिक माणसांशी घट्ट नातं जोडू शकतं, एकाचं वाढलं म्हणून दुसऱ्याचं घटत नाही.

घरी आल्यावरची पहिली २० मिनिटं फक्त त्याची ठेवा. हातपाय धुवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्याच्या उंचीला येऊन जमिनीवर बसा. त्याला ओढून घेऊ नका, तो येईल. या वेळात आजीनं खोलीतून बाहेर जायचं. इथंच अनेक घरांत चुकतं. आजी तिथंच बसून दिवसाचा वृत्तांत सांगत राहते, आई अर्धं ऐकते, मूल दोघींच्या मध्ये चिडतं. वृत्तांतासाठी वही वापरा : किती झोपला, काय खाल्लं, शी-शू, पडला-लागलं, औषध. पाच ओळी पुरतात.

सकाळी त्याची नजर चुकवून निघू नका. त्या क्षणी रडणं टळतं, पण आई केव्हाही गायब होते असं मुलाला कळतं आणि दिवसभर ते आजीला पायापासून हलू देत नाही. ‘मी कामाला जाते, तुझी दुपारची झोप झाली, खेळून झालं की येते,’ एवढं सांगून, एकदाच जवळ घेऊन निघा आणि परत वळू नका.

आईच्या ‘एकदाही रडला नाही’बद्दल एवढंच, की त्यात बहुतेक वेळा टोमणा नसतो. तुम्ही निश्चिंत राहावं म्हणून ती ते सांगते. तरीही लागत असेल तर तिला तसं सांगा. न सांगितलेलं दुःख तिला कळणार नाही.

प्रश्न : नातीला उचलून उचलून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात कळ येते. आता भांडं धरतानाही दुखतं. कंबर तर रोजचीच. वय झालं म्हणून सोसायचं का?

उत्तर : सोसू नका. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूला हळूच वाकवा. अंगठ्याच्या बाजूच्या मनगटात तीव्र कळ आली तर तिथल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज आलेली असण्याची शक्यता बरीच आहे. १८९५ मध्ये स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी हे दुखणं वर्णिलं, म्हणून ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. तान्ह्या मुलांच्या आयांना आणि मूल सांभाळणाऱ्या आज्यांना ते वारंवार होतं. कारण एकच, मुलाच्या काखेत हात घालून, अंगठा बोटांपासून लांब ताणून उचलणं. नऊ-दहा किलोचं वजन त्या दोन बारीक स्नायुबंधांवर येतं.

एक हात मुलाच्या बुडाखाली, दुसरा पाठीमागे घाला. तळवे वर, अंगठा बोटांना चिकटलेला. मनगट सरळ ठेवा आणि वजन दंडावर घ्या. अंगठ्याला आधार देणारा पट्टा तीन-चार आठवडे वापरून, दिवसातून दोन-तीनदा १० मिनिटं कापडात गुंडाळलेल्या बर्फानं शेकून बरं वाटलं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसता मनगटाचा पट्टा घेतला आणि अंगठा मोकळाच राहिला तर उपयोग होत नाही.

कमरेसाठी : वाकून उचलू नका. एक गुडघा जमिनीवर टेका, मुलीला छातीशी घ्या, मग पायांच्या जोरावर उठा. उचललेलं असताना कंबर पिळू नका, पावलं वळवा. कपडे बदलायला कमरेच्या उंचीची जागा करा, एक हात कायम तिच्या अंगावर. आणि चालणाऱ्या मुलीला पलंगावर, खुर्चीवर स्वतः चढू द्या, तुम्ही फक्त मागे उभ्या राहा. दिवसातली निम्मी उचलाउचल याच एका सवयीनं कमी होते.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर घरी मोजताना नात मांडीवर नको. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर टेकून, हात छातीच्या पातळीला ठेवून, चहा-कॉफीनंतर अर्धा तास थांबून मोजा. मिनिटभरानं पुन्हा मोजा. घरच्या नोंदी सातत्यानं १३५/८५ किंवा वर राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा. मूल सांभाळण्याच्या नादात स्वतःची तपासणी पुढे ढकलणाऱ्या आज्यांची पत्रं आम्हाला नेहमी येतात, आणि ती वाचून काळजी वाटते.

प्रश्न : मुलाला ताप होता. मी सकाळी औषध देऊन निघाले, आईनं अर्ध्या तासानं पुन्हा दिलं. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून दोघींच्या मनात धास्ती बसली आहे.

उत्तर : धास्ती योग्य आहे, आणि दोष दोघींचाही नाही. ही चूक व्यवस्थेची आहे. दोन माणसं औषध देतात आणि नोंद कुठंच नाही, तिथं हे होणारच. पॅरासिटामॉल दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅमपर्यंत देतात, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आता बाटल्यांचा घोळ बघा. एका पातळ औषधात ५ मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात तेवढ्यातच २५०, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलिलीटरमध्येच १००. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे तर पहिल्यातून सुमारे ६ मिलिलीटर, दुसऱ्यातून ३, थेंबांतून दीड. थेंबांची बाटली पातळ औषध समजून ६ मिलिलीटर दिली तर मात्रा चौपट होते. सर्दीच्या मिश्रणातही कधी कधी पॅरासिटामॉल असतं, तेही लेबलावर वाचा.

म्हणून घरात एकाच ताकदीची एकच बाटली ठेवा, जुन्या काढून टाका. मात्रा डॉक्टरांकडून मिलिलीटरमध्ये लिहून घ्या आणि ती पट्टी बाटलीलाच चिकटवा, ठळक अक्षरांत, आजीला चष्म्याविना वाचता येईल अशी. चमचा नको, मापाची सिरिंज. बाटलीला दोरीनं पेन्सिल आणि कागद बांधा : तारीख, वेळ, किती, कोणी. आधी लिहायचं, मग द्यायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर घरी औषध देत बसू नका, लगेच दवाखाना. यापुढे मात्रा दुप्पट झालीच तर ‘काही होतंय का’ वाट बघू नका, बाटली हातात घेऊन डॉक्टरांना फोन करा. यकृताला झालेल्या इजेची लक्षणं उशिरा दिसतात.

प्रश्न : आईला महिन्याला पैसे द्यावेत असं मला वाटतं. नवरा म्हणतो, तिचा अपमान होईल.

उत्तर : आईलाच विचारा. मुलाच्या खर्चाचे पैसे मात्र विचारायची गरज नाही. तिच्या पाकिटातून मुलाचा खाऊ, रिक्षा, औषध जाता कामा नये. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते पैसे वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्याचा हिशेब मागू नका. मोबदला द्यायचा तर तो एकदा स्पष्ट बोलून, ठराविक रकमेचा. वादानंतर हातात कोंबलेले पैसे अपमानाचे होतात. आणि नवऱ्याला याच उत्तरात आमचं सांगणं : आठवड्यातला आजीचा तो अर्धा सुट्टीचा दिवस त्यानं स्वतः मुलाजवळ थांबून भरावा. दोघींच्या मध्ये पंच होण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

प्रश्न : बाळंतपणाला सात महिने झाले, कामावर रुजू होऊन दोन. सासूबाई सगळं करतात, तरी मला कारण नसताना रडू येतं, झोप येत नाही, बाळापाशी बसावंसं वाटत नाही. हा फक्त ताण आहे का?

उत्तर : थकवा सुट्टीत, झोपेनं थोडा तरी उतरतो. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, बाळ झोपलेलं असूनही झोप येईना, कशातच रस उरला नाही, तर हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ते पहिल्या वर्षात केव्हाही येतं, घरात मदत असली तरी येतं, आणि उपचारानं बरं होतं. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. ते एडिनबरो प्रश्नावली भरून घेतील. १९८७ मधली ही दहा प्रश्नांची यादी मागच्या सात दिवसांबद्दल विचारते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगा, कारण दोन्हींच्या बिघाडात असंच वाटतं. अंगावर पाजत असाल तर ते आधीच सांगा, चालणारी औषधं आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार एकदाही मनात आला तर उद्यावर ढकलू नका. त्याच क्षणी सासूबाईंना हाक मारा, एकटं राहू नका, आणि रात्र असली तरी रुग्णालयात जा.

सासूबाईंना सांगायला जड जात असेल तर हे पान त्यांच्या हातात द्या आणि या उत्तरावर बोट ठेवा.